आधी सीट उचला, मग बीटल की फियाट ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९६५ ची फियाट ११०० डिलाइट आणि १९६३ ची फोक्सवॅगन बीटल १२००. दोन्ही पुण्यातच, दोन्ही चालू, आणि बीटलवाला फियाटच्या दुपटीहून जास्त मागतोय. तुम्हाला रविवारी फिरवायची आहे, गणपतीला आणि मे महिन्यात गुहागरला गावी न्यायची आहे. घरात बायको, दोन मुलं आणि आई. हात काळे करायची हौस आहे, अनुभव नाही. आणि शेवटी विचारलंय, "गाडी म्हणून दोन्हींत चांगली कोणती?"

गाडी म्हणून चांगली कोणती, यावर दोन म्हातारे मेकॅनिक रात्रभर भांडतील आणि सकाळी दोघंही बरोबर असतील. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. साठी ओलांडलेली यांतली कोणती गाडी तिसऱ्या वर्षीही तुमच्या दारातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडेल? हौसेने घेतलेली जुनी गाडी पहिलं वर्ष सगळे पुसतात. तिसऱ्या वर्षी तिच्यावर ताडपत्री असते आणि ताडपत्रीवर मांजर. मी तेवढ्याचंच उत्तर देतो.

आधी माझं झुकतं माप कुठे आहे ते सांगून ठेवतो. मी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या गॅरेजात शिकलो, मग पुण्यात स्वतःचं टाकलं. फियाटचं टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, मी आवाजावरून ओळखतो. बीटल फार उशिरा हाती आल्या. आजवर अकरा उघडल्या असतील, आणि त्यातली पहिली माझ्या हातून बिघडली. तो किस्सा पुढे येईल.

दोन्ही गाड्या एकाच पिढीच्या युरोपातल्या, पण विचार अगदी उलटे. बीटलचा आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा, युद्धाआधीचा. युद्धानंतर १९४५ मध्ये व्होल्फ्सबुर्गचा पडका कारखाना ब्रिटिश लष्कराच्या मेजर आयव्हन हर्स्ट यांनी पुन्हा सुरू करून घेतला, म्हणून ती जगली. इंजिन मागे, चार सिलिंडर दोन-दोन समोरासमोर आडवे झोपलेले, पाणी अजिबात नाही. तुमच्या मॉडेलचं इंजिन ११९२ सीसीचं, ३४ हॉर्सपॉवरचं. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७७ मिलीमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, फक्त ६४. म्हणजे पिस्टनला फार पळावं लागत नाही. सगळी ताकद मिनिटाला ३६०० फेऱ्यांतच मिळते, त्याच्या वर ओढून काही हाती लागत नाही. जर्मनांनी ही गाडी लांब सरळ रस्त्यावर तासन्‌तास एका वेगात पळण्यासाठी केली, आणि ते काम ती आजही करते.

फियाट ११०० ही १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. दान्ते जाकोसा यांच्या हाताखालचं काम. इंजिन मात्र त्याआधीचं, १९३७ च्या ११०० चंच सुधारलेलं. १०८९ सीसी, बोअर ६८, स्ट्रोक ७५. उभं इंजिन पुढे, रेडिएटर, मागच्या चाकांना शाफ्ट, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. अगदी शाळेच्या पुस्तकातली गाडी. आपल्याकडे ती वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवली. पहिल्या गोलमटोल मॉडेलला लोकांनी 'डुक्कर फियाट' नाव दिलं आणि तेच टिकलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. तुमची डिलाइट त्यानंतरची, १९६४ पासूनची, सरळ दरवाजांची आणि मागे छोटी शेपटं असलेली. पुढे हीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. म्हणजे तुम्ही डिलाइट घेतलीत तर नात्यात चाळीसेक वर्षांची भावंडं मिळतात. हे लक्षात ठेवा, पार्टच्या वेळी कामी येईल.

आता पत्रा. बाकी सगळं विकत मिळतं, पत्रा मिळत नाही.

बीटलला खाली स्वतंत्र बैठक आहे. मधोमध एक बोगदा, दोन्ही बाजूंना तळाचे पत्रे, आणि वरची बॉडी त्यावर बोल्टांनी बसवलेली. ती उचलून बाजूला ठेवता येते. तळ कुजला तर तळ बदलता येतो. फियाटला तसं नाही. तिची बॉडी हीच चासी. तळ, दरवाजाखालची पेटी, पाट्याचे हुक, सगळे एकमेकांना धरून उभे आहेत. त्यातलं एक कुजलं की बाकीचे वाकायला लागतात. म्हणून गंजलेली बीटल हा खर्चाचा प्रश्न असतो, आणि गंजलेली फियाट हा गाडी राहील की नाही याचा.

बीटल बघायला गेलात की आधी इंजिन बघू नका. मागची सीट उचला. उजव्या बाजूला बॅटरी असते. बॅटरी बाहेर काढायला सांगा. मालक कुरकुरला तर नमस्कार करून निघा. काढली, तर तिच्याखालचा पत्रा बघा. वर्षानुवर्षं अ‍ॅसिड सांडून तो बहुतेक वेळा गेलेला असतो, वरून काळा डांबरी रंग फासलेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट पत्रा टण् वाजतो, कुजलेला पापडासारखा दबतो. मग दरवाजाखालच्या पेट्या बघा. बीटलमध्ये इंजिनाची गरम हवा या पेट्यांतून पुढे नेलेली असते, हीटर म्हणून. आपल्याकडे हीटर कुणी वापरला नाही, पण त्या पोकळीत पावसाळा शिरला आणि मुक्कामाला राहिला. सीट उचललीच आहे तर बोगद्यावर ठोकलेला चासी नंबर तिथेच दिसेल. तो आरसी बुकाशी ताडून घ्या. इंजिन नंबर मागे, डायनामोच्या स्टँडखाली क्रँककेसवर. आणि बॅटरीवर झाकण आहे ना, तेही बघा. मागे जाड माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा खाली येऊन बॅटरीच्या टर्मिनलला टेकतात, आणि सीटमधला काथ्या पेट घेतो. ही ऐकीव गोष्ट समजू नका, जळका काथ्या मी स्वतः काढलाय.

फियाटची परीक्षा वेगळी. जॅक मागवा. एका बाजूला, कंपनीने जॅक लावायची जागा दिलीय तिथेच लावा आणि चाक जमिनीवरून चार बोटं उचला. आता त्या बाजूचा दरवाजा हळू उघडून परत लावा. सहज लागला, चारी बाजूंची फट सारखी राहिली, तर पेटीत जीव आहे. दरवाजा खालून घासायला लागला किंवा वरची फट उघडली, तर गाडी मधे वाकतेय. वरचा रंग कितीही आरशासारखा असो, ती सोडा. जॅक लावताना पत्राच चुरचुरत आत गेला तर उत्तर त्याच क्षणी मिळालं. मग पायाखालचं रबरी मॅट उचलून तळ बघा, आणि मागच्या पाट्याचं पुढचं टोक जिथे अडकतं ती जागा हाताने चाचपा. लोहचुंबक बरोबर न्या, फडक्यात गुंडाळून. जिथे चिकटत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. मडगार्डवर थोडी लांबी सगळ्याच गाड्यांना असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेटीवर आणि खांबांवर चालणार नाही.

इथवर दोन्हींपैकी एक गाडी बाद झाली तर पुढचं वाचायची गरज नाही. राहिलेली घ्या.

दोन्ही पास झाल्या असं धरू. आता तुमचं गुहागर. पुण्याहून खंबाटकी, पुढे पाटण, कोयना, कुंभार्ली उतरून चिपळूण. जाताना उतार आहे. येताना मे महिन्यात, दुपारी, पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन तीच कुंभार्ली चढायची आहे. इथे दोन गाड्यांचा खरा स्वभाव कळतो.

फियाट तापते. तापते ती बहुतेक आपल्याच पापाने. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालत राहायचं, मग नळ्यांत क्षार धरतात, आणि वर हेड अ‍ॅल्युमिनियमचं, तेही आतून खातं. घेण्याआधी थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलं किंवा हेड वाकलं. ऑइलची काडी काढा, ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर तेच. पण फियाटच्या तापण्यात एक सभ्यपणा आहे. ती आधी सांगते. वाफ येते, वास येतो, ओढायला नाखूश होते. तुम्ही बाजूला घेता, बॉनेट उघडता, अर्धा तास चहा पिता, पाणी घालता, निघता. रेडिएटर उघडून रॉडिंग करून, म्हणजे सळीने नळ्या साफ करून घेतला, कूलंट घातलं आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, नीट असली तर मे महिन्यातही घाट चढते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही इंजिनं बारा-बारा तास ट्रॅफिकमध्ये उभी चालवली आहेत.

बीटलला उकळायला पाणीच नाही, म्हणून लोक म्हणतात ती तापत नाही. ती तापते, फक्त सांगत नाही. टेंपरेचरचा काटा नाही. डायनामोच्या शाफ्टवरच फॅन आहे, एका पट्ट्यावर दोन्ही चालतात. तो फॅन वरून हवा घेतो आणि पत्र्याच्या कवचातून सिलिंडरवर सोडतो. पट्टा तुटला की डायनामोचा लाल दिवा लागतो. इतर गाड्यांत हा दिवा म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही, घरी जाऊन बघू. बीटलमध्ये त्याचा अर्थ, आत्ता, इथेच, इंजिन बंद करा. एक किलोमीटर पुढे रेटलीत तर ती घरी टेंपोत येईल. जादा पट्टा आणि पाना गाडीत ठेवणे हा बीटलवाल्यांचा धर्म आहे, आणि तो पट्टा घरासमोर दोनदा स्वतः बदलून बघितलेला असावा.

आता माझा किस्सा. पहिली बीटल माझ्याकडे आली ती धूर मारत होती. मी इंजिन उतरवलं. ते काम गंमतीचं आहे, चार बोल्ट, वायरी, पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, आणि जॅकवर इंजिन मागे सरकतं. फियाटमध्ये जो दिवस जातो तो इथे तास नाही. पिस्टन-रिंग केलं, व्हॉल्व्ह बसवले, परत चढवलं. एक लहान पत्रा उरला. कुठला तरी वाकडातिकडा, सिलिंडरच्या खालच्या बाजूचा. आणि इंजिनाभोवतीचं जुनं रबर फाटलं होतं, ते मी कापून टाकलं. मनात म्हटलं, पत्राच आहे, मोकळी हवा मिळेल, बरंच आहे. मी फियाटवाला ना! गाडी पुण्यात झकास चालली. गिऱ्हाईक खंडाळ्याला गेलं आणि घाटात तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गेला.

नंतर एका जुन्या मेस्त्रींनी समजावलं. ते रबर खालची गरम हवा वर येऊ देत नाही. इंजिनाच्या वरची बाजू ही थंड खोली, खालची बाजू ही भट्टी, आणि मधली भिंत म्हणजे ते पत्रे आणि ते रबर. भिंत काढली की फॅन स्वतःचीच गरम हवा परत परत घेतो. तीन नंबरच का गेला? तुमच्या काळातल्या बीटलला ऑइल कूलर फॅनच्या कवचातच, तीन नंबरच्या डोक्यावर उभा आहे. त्याच्या वाट्याला मुळातच कमी आणि कोमट हवा. आधी मरतो तो तोच. त्या इंजिनाचा दुसरा खर्च माझ्या खिशातून गेला आणि तेव्हापासून बीटलमध्ये उरलेला पत्रा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून इंजिनाचं झाकण उघडलंत की क्रोम केलेले भाग बघून भुलू नका. कडेच्या फटी बघा. इंजिन आणि बॉडी यांच्या मधून खालचा रस्ता दिसला तर त्या गाडीवर माझ्यासारख्याच कुणीतरी काम केलंय. आणि ऑइल. बीटलमध्ये ऑइल जेमतेम अडीच लिटर, फिल्टर नाही, फक्त तळाला जाळी. तेच ऑइल वंगण, तेच अर्धं रेडिएटर. मी दर अडीच-तीन हजार किलोमीटरला बदलतो. त्याच वेळी टॅपेटची फट जुळवायची, रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड इंजिनावर, सकाळी गाडी सुरू करण्याआधी. तुम्हाला हौस आहे म्हणता ना? बीटलमध्ये हे काम जमिनीवर लोळून, दोन बाजूंच्या झाकणाच्या क्लिपा खाली पाडून, तुम्ही स्वतः करू शकता. तीन-चार वेळा केलंत की हात बसतो. फियाटमध्ये टॅपेट वर आहेत, बॉनेट उघडून उभ्याने होतात, कंबर वाचते.

पेट्रोलचं एक दोन्ही गाड्यांना लागू. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, भेगाळतात. फियाटमध्ये नळी गळली तर वास येतो. बीटलमध्ये ती नळी गरम इंजिनाच्या वर आहे, आणि मूळची विणलेली नळी नुसती ढकलून बसवलेली, क्लिप नाही. अनेक बीटल अशाच जळल्या. गाडी घरी आणल्यावर पहिलं काम, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाका, क्लिपा लावा, अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. पॉलिश नंतर.

चालवण्याबद्दल थोडक्यात, कारण हे तुम्हाला एका फेरीत कळेल. डिलाइटचा गिअर स्टिअरिंगला आहे, जुन्या बुशांमुळे हातात नाचतो, आणि पहिल्याला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला घालायचा नाही, नाहीतर आवाज शेजारच्या सोसायटीला ऐकू जाईल. बीटलचे चारही सिंक्रो आणि गिअर लोण्यासारखा. दोन्हींना चारही ड्रम ब्रेक, पायाला जोर देणारा बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर एकेरी, म्हणजे एक नळी फुटली की पेडल तळाला. पुढच्या गाडीपासून आजच्या दुप्पट अंतर ठेवा. बीटलला दिवे सहा व्होल्टचे, रात्री रस्ता मेणबत्तीने शोधल्यासारखा. बारा व्होल्ट करून घ्या, शुद्धतावादी रागावतील, रागावू द्या.

बीटलचं मागचं वळण मात्र नीट समजून घ्या. मागची चाकं एका सांध्यावर झुलतात आणि वजन सगळं मागे. ओल्या घाटात वेगात वळणावर शिरलात आणि घाबरून मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडलात, तर मागची बाजू उचलल्यासारखी होते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पाय स्थिर. आणि हवा. पुढे सोळा-सतरा, मागे चोवीसच्या आसपास. पंपावरचा पोरगा सवयीने चारीला तीस मारतो आणि मग मालक मला विचारतो, स्टिअरिंग असं तरंगतं का? पुढे बॉनेटमध्ये आहे काय, पेट्रोलची टाकी, स्टेपनी आणि तुमच्या बॅगा.

पार्टच्या बाबतीत लोकांची समजूत बरोबर उलटी असते. वाटतं की फियाट आपली, पार्ट ढिगाने, आणि बीटल परदेशी, काही मिळणार नाही. इंजिन, क्लच, ब्रेक, पाटे या बाबतीत फियाटचं खरं आहे. पद्मिनीचं बरंच काही डिलाइटला लागतं, नाना पेठेत नाहीतर कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून हाती येतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, आणि त्यांच्या जोरावर चालणारी दुकानंही हळूहळू दुसरा माल ठेवू लागली. शिवाय खास डिलाइटचं जे आहे, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, आतलं डॅशबोर्ड, ते पद्मिनीचं चालत नाही आणि कुणी नवं बनवतही नाही. ते ज्या गाडीवर शाबूत आहे ती गाडी चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. बीटल जगात दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बनल्या, शेवटची मेक्सिकोत २००३ मध्ये. तिचा एकेक रबरी बिडिंग आजही परदेशात नवा, खोक्यात बंद मिळतो. कस्टम, टपाल आणि तीन आठवडे मोजायची तयारी हवी. म्हणजे फियाट बंद पडली तर दुपारपर्यंत चालू होईल, पण सुंदर करायला वर्षं लागतील. बीटल सुंदर करणं सोपं, पण शनिवारी बंद पडली तर त्या महिन्यातला रविवार गेला.

आणि दुरुस्त कोण करणार? चिपळूणला कुठल्याही गॅरेजात फियाटचं बॉनेट उघडा, पन्नाशीच्या पुढचा एक तरी मेस्त्री हसत पुढे येईल. बीटलचं मागचं झाकण उघडलंत तर गर्दी जास्त जमेल, हात कुणी घालणार नाही. घालू लागला तर तुम्हीच थांबवा.

कागदांचं आरटीओगणिक थोडं बदलतं, तरी मूळ नियम सांगतो. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरण ५,०००, मुदत दहा वर्षं. ऐकायला छान. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामापुरतीच. तुमचं गुहागर त्यात बसत नाही. ज्या गाडीचं नेहमीचं आरसी जिवंत आहे, पासिंग वेळेवर होत आलंय, पर्यावरण कर भरलाय, ती तुमच्यासाठी मोलाची. इथे बहुतेक वेळा फियाट पुढे असते. बीटल भारतात कधी बनली नाही, प्रत्येक गाडी कुणीतरी आणलेली. वकिलातींच्या गाड्या त्या काळी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्या पहिल्या विक्रीपासून आजपर्यंतची साखळी कागदावर दिसली पाहिजे. 'कागद होते, पुरात गेले' हे वाक्य ऐकलंत की चहा संपवा आणि उठा.

आता तुमच्या घराकडे येतो. तुम्ही ओझरतं लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात. बीटलला दरवाजे दोन. आईंना मागे बसवायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, एक पाय आत घेऊन वळावं लागेल. पुढे बसवलंत तर बायको दोन मुलांसह मागे, आणि मुलं मोठी होणारच आहेत. डिलाइटला चार दरवाजे, सोफ्यासारखी सपाट सीट, आणि खरी डिकी. अकरापैकी तीन बीटल माझ्याकडून परत विकल्या गेल्या त्या इंजिनासाठी नव्हे. घरची माणसं बसेनात, आणि एकट्याने फिरवायचा कंटाळा आला, एवढंच कारण.

तेव्हा पत्रा दोन्हींचा सारखा असेल, कागद दोन्हींचे असतील, तर तुमच्या परिस्थितीत मी डिलाइट घ्यायला सांगेन, आणि उरलेल्या पैशांत रेडिएटर, ब्रेक, टायर, वायरिंग एकदाच करून घ्यायला. तुम्ही एकटे असता, दुसरी गाडी दारात असती आणि शनिवारची दुपार गाडीखाली घालवायची खरीच आवड असती, तर बीटल म्हटलं असतं. शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. फियाटचा पत्रा गेलेला निघाला आणि बीटलची सीट उचलल्यावर तळ टणटणीत निघाला, तर मात्र गुडघ्यांचा प्रश्न घरी बसून सोडवा आणि बीटल घ्या. कुजलेली फियाट स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका, तिच्यात ओतलेला पैसा परत दिसत नाही.

एक सांगायचं राहिलं. दोन्ही मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर मालकाला थंड गाडी तुम्हाला दाखवायची नव्हती. का नव्हती, ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला न सांगता जाऊन बघा.